काजूचं खरं फळ कुठलं, आणि नागराज नाग का नाही

एप्रिल-मे महिन्यात गोव्यात सत्तरीत किंवा सांग्याकडे गेलात तर बोंडवांचा आंबूस-गोड वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत शिरतो. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडवांचा सडा, आणि प्रत्येकाच्या बुडाला चिकटलेली एकेक राखाडी बी. बोंडू म्हणजे फळ आणि खाली लोंबते ती बी, असंच कोणीही सांगेल. वनस्पतिशास्त्र मात्र नेमकं उलटं सांगतं.

शास्त्राच्या लेखी फुलातला अंडाशय वाढून जे तयार होतं, ते फळ. काजूच्या फुलाचा अंडाशय वाढून होते ती राखाडी, वाकडी, आपण जिला बी म्हणतो ती वस्तू. म्हणजे फळ तेच. बोंडू हा त्या फळाचा फुगलेला देठ. विश्वास बसत नसेल तर मोहोर झडल्यानंतर झाडाकडे थोडे दिवस लक्ष ठेवा. आधी हिरवी बी वाढते, बोंडू तेव्हा नावालाही नसतो. बी आपल्या पूर्ण आकाराला आली की मग तिच्या वरचा देठ फुगायला लागतो, रंग धरतो, रसाने भरतो. फळ आधी आणि देठ मागाहून, असा हा उलटा कारभार. त्या फळाच्या टरफलाच्या आत जो पांढरा गर निघतो, ती खरी बी. मराठीतला ‘काजूगर’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. इंग्रजीत त्याला नट म्हणतात, ते शास्त्राला मान्य नाही.

यातून एक गमतीदार निष्कर्ष निघतो. बोंडू तुडवून रस काढतात, चोथ्यावर वजन ठेवून त्यातून नीरो गाळतात, रस आंबवून भाटीवर चढवतात, पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली काजूफेणी, शास्त्र धरून बोलायचं तर, ना काजूच्या फळाची ना काजूच्या बीची. ती देठाची दारू आहे. हे तव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून सांगू नये, एवढा पोच असावा.

काजूच्या बाबतीत याहून कामाची गोष्ट निराळीच आहे. दुकानात ‘कच्चे काजू’ म्हणून मिळतात ते कच्चे नसतात. काजूच्या टरफलात एक काळपट, दाहक तेल असतं. हातावर लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. ओली बी दातांनी फोडायला गेलेल्या पोरांचे सुजलेले ओठ काजूच्या गावात कोणी पाहिले नसतील असं नाही. म्हणून सोलण्याआधी बी वाफवतात किंवा भाजतात, तेव्हा कुठे ती हाताळता येते. पाकिटावरचं ‘कच्चे’ म्हणजे फक्त ‘नंतर पुन्हा भाजलेले, खारवलेले नाहीत’ एवढंच.

हे तेल कुठून आलं याचं उत्तर काजूच्या सोयऱ्यांत सापडतं. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले. आंब्याचा चीक उततो, बिब्बा उततो, काजू उततो. तिघांच्या चिकातली रसायनं एकमेकांची भावंडं. बिब्ब्याची रचनाही थेट काजूसारखी आहे: वर फुगलेला देठ, खाली काळं फळ. तो देठ सुकवून ‘बिब्ब्याची फुलं’ म्हणून विकतात (फुलं ती अजिबात नव्हेत), आणि आतल्या बीला गोडंबी म्हणतात. गोव्यात ओल्या काजूगराला ‘बिब्बे’ म्हणतात. बाहेरचा माणूस बिब्ब्यांची भाजी म्हटल्यावर दचकतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे औषधाचा काळा बिब्बा येतो. नाव चुकीचं खरं, पण ही चूक करणाऱ्याने दोन झाडांतलं नातं बरोबर हेरलं होतं.

चुकीची नावं बघताना मला हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. नाव चूक की बरोबर यापेक्षा ते ठेवणाऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं? कोणी आकार पाहिला, कोणी माल कुठल्या बंदरातून उतरला ते पाहिलं, कोणी त्या काळात वस्तू कशाची बनायची ते पाहिलं. पुढे वस्तू बदलली किंवा माहिती वाढली, नाव तिथेच राहिलं. आणि काही वेळा नाव चुकलेलंच नसतं, फक्त स्वयंपाकघराचं वर्गीकरण आणि शास्त्राचं वर्गीकरण वेगवेगळ्या कामांसाठी असतं. टोमॅटो शास्त्रात फळ असला म्हणून कोणी तो फ्रूट सॅलडमध्ये घालत नाही.

नारळाचंही तसंच. इंग्रजीत तो नट, शास्त्रात तो आंब्यासारखा बाठीचा. सोडण म्हणजे आंब्याच्या गराची जागा, करवंटी म्हणजे बाठ, आणि खोबरं-पाणी हे आतल्या बीचं अन्न. आपण नारळ फोडतो तेव्हा बाठ फोडत असतो. भुईमुगाला इंग्रजीत नट म्हणतात, तो शेंगवर्गातला. आणि आपल्या नावातही तो ‘मूग’ नव्हेच, दोघांनाही शेंगा येतात एवढंच साम्य. केळीचा तर बुंधासुद्धा खोड नव्हे, एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. मयड्याची केळी असोत की बाजारातली वेलची, झाड म्हणून जे उभं असतं ते एक थोरलं गवताळ रोप.

पण माड झाड आहे की नाही, हा प्रश्न गोव्यात नुसता शास्त्राचा राहिला नाही, विधानसभेपर्यंत गेला. इथे 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्याखाली येणारं झाड तोडायला परवानगी लागते. 2016 साली कायद्यात दुरुस्ती करून माडाला त्या व्याख्येतून बाहेर काढलं. माडाला फांद्या नसतात, म्हणून तो वृक्ष नव्हे, असा युक्तिवाद झाला. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर नजरेने त्यात थोडं तथ्यही आहे: माड हा ताडकुळातला, त्याचं खोड आंब्या-फणसासारखं दर वर्षी जाड होत जात नाही, आत वर्तुळं पडत नाहीत. पण कायदा वनस्पतिशास्त्राची परीक्षा घ्यायला नसतो, तोड रोखायला असतो. ‘झाड’ या शब्दातून माड वगळला म्हणजे जमिनी साफ करणाऱ्याला रान मोकळं, हे लोकांनी ओळखलं आणि गदारोळ झाला. 2017 साली नव्या सरकारने माडाला परत वृक्षाचा दर्जा दिला, वर राज्यवृक्षही केला. व्याख्या कुठल्या कामासाठी आहे हे न बघता तिच्यावर बोट ठेवलं की काय होतं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

आता बंदरांची गोष्ट. गोव्याचं नाव जगात अशा काही वस्तूंना चिकटलेलं आहे ज्यांचा गोव्याशी संबंध केवळ गोदीपुरता. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाचं एक औषध होतं. गजकर्णासारख्या त्वचारोगांवर ते नावाजलेलं. ही पिवळट-तपकिरी भुकटी गोव्यातून मुंबईला जायची, म्हणून तिचं नाव गोवा पावडर. प्रत्यक्षात ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांमधून खरवडून काढत. पोर्तुगीज जहाजांनी ती इथे आणली, आणि इथून पुढे नेणाऱ्यांनी पाठीवर गोव्याचा शिक्का मारला. काजू त्याच वाटेने आला, पण इथे रुजला. पावडर नुसती येऊन गेली.

‘गोवा स्टोन’ मात्र खरोखर गोव्यात झाला. फक्त तो दगड नव्हता. बकऱ्यांसारख्या जनावरांच्या पोटात कधीकधी खडे सापडतात, ते विषावर उतारा म्हणून युरोपात सोन्याच्या मोलाने जात. खरे खडे दुर्मीळ. सतराव्या शतकात जुन्या गोव्यातल्या जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या लोकांनी, त्यात फ्लोरेन्सच्या गास्पार आन्तोनियो या धर्मबंधूचं नाव मुख्य, त्याला पर्याय काढला: कस्तुरी, अंबर, शिंपले, राळ, रत्नांची भुकटी वगैरे मळून गोळा करायचा, घोटून गुळगुळीत करायचा, वरून सोन्याचा वर्ख द्यायचा. तो थोडासा खरवडून पेयात घालून पीत. अशा गोळ्यांच्या सोन्याच्या जाळीदार डब्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. विष उतरायचं की नाही यावर न बोललेलं बरं.

नाव ठेवणाऱ्याने काय पाहिलं, हाच नियम धरून चाललं की बऱ्याच नावांची गाठ सुटते. मिरचीचा मिरीशी काही संबंध नाही. मिरी मलबारची वेल, मिरची अमेरिकेतलं रोप, वांग्या-बटाट्याच्या कुळातलं. तिखट लागते म्हणून मिरीचंच नाव वाढवून तिला दिलं. सीताफळ आणि रामफळ, नावं थेट रामायणातली, मूळ अमेरिका खंडातलं. नाताळात ज्याची आठवण होते तो टर्की हा पक्षी मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. दोघांनीही नेम धरला, दोघांचाही चुकला. विंदालूमध्ये बटाटा घालणारे उत्तरेकडचे आचारीही याच पंगतीतले: मूळ पोर्तुगीज पदार्थ म्हणजे वाईन किंवा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. नावातलं शेवटचं ‘आलू’ हे लसणाचं आहे. गोव्यातल्या घरात विंदालूत बटाटा सापडला तर समजावं, पाहुणे जास्त झाले.

नावाने फसवण्यात गावंही मागे नाहीत. पणजीहून मडगावला जाताना गोवा वेल्हा लागतं, आणि मांडवीच्या काठी, चर्चेससाठी जग येतं ते वेल्हा गोवा, म्हणजे ओल्ड गोवा, जुनें गोंय. पोर्तुगीजमध्ये दोन्हींचा अर्थ तोच. यातलं जुनं कुठलं? झुआरीच्या काठचं गोवा वेल्हा. कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण तिथली. मांडवीवरचं शहर त्यानंतरचं. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने जिंकलं ते हे दुसरं, आणि पुढे रोगराईने ओस पडून राजधानी पणजीला गेली, 1843 पासून अधिकृतपणे ‘नोव्हा गोवा’ म्हणून, तेव्हा हे आपोआप ‘जुनं’ झालं. त्या हिशेबाने जुनं गोवा हे दुसरं गोवा. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण या भागांना अजूनही नव्या काबिजादी, म्हणजे नव्याने जिंकलेला मुलूख, म्हणतात. त्यांना पोर्तुगीज अमलात येऊन सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली आणि पोर्तुगीज जाऊनही साठच्या वर. जमिनीच्या दलालांचं ‘पोर्तुगीज घर’ हाही असाच शब्द. बहुतेक वेळा ते घर बांधलं गोंयकाराने, गोंयकार गवंड्यांकडून, राहिला गोंयकार. शिंपल्यांच्या खिडक्या आणि पुढचा बाल्कांव (बसायची ओसरी) बघून गिऱ्हाईक भाव वाढवतं, म्हणून पोर्तुगीज.

मासळी बाजाराविषयी फार लिहीत नाही. तिसऱ्यो आणि खुबे (शिंपले), माणकी (स्क्विड), सुंगटां (कोळंबी) यांतलं काहीच शास्त्राच्या अर्थाने मासा नाही, आणि नुस्तें, म्हणजे मासळी, आणायला गेलेल्याला त्याने काही फरक पडत नाही. जेलीफिश आणि स्टारफिशही मासे नव्हेत, दोघांनाही कणा नाही. इंग्रजीतला ‘बॉम्बे डक’ म्हणजे आपला बोंबील. रेल्वेच्या ‘बॉम्बे डाक’मधून त्याचा वास यायचा म्हणून हे नाव पडलं, अशी कथा हौसेने सांगतात. पण मुंबईची रेल्वे 1853 ची आणि हे नाव त्याआधी काही दशकांच्या इंग्रजी लिखाणात आहे. गोव्याच्या मेनूकार्डावरची ‘लेडी फिश’ म्हणजे मुडदुशी. बाहेरच्या देशांत त्याच नावाने निराळ्याच कुळातला मासा ओळखला जातो, तेव्हा परदेशी पाहुण्याने इंटरनेटवर शोधून चित्र बघितलं तर ताटातला मासा त्याला भलताच वाटेल.

डॉल्फिन दाखवायला नेणारा होडीवाला त्याला मासा म्हणतो, पण त्याला शोधतो मात्र मासा नसल्याच्या भरवशावर. डॉल्फिनला फुप्फुसं असतात, श्वासाला वर यावंच लागतं. म्हणून होडीवाला पाण्यात खोल बघत नाही, पृष्ठभागावर नजर ठेवून थांबतो. शेपटीही बघा: माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली. देवमाशाचं तेच.

रानात जा. गव्वो रेडो, आपला राज्यप्राणी, इंग्रजीत ‘इंडियन बायसन’. तो रेडा नाही आणि अमेरिकेतला केसाळ बायसनही नाही. तो गाय-बैलांच्या वंशातला आहे. खवले मांजराचा मांजराशी वरवर काहीच संबंध दिसत नाही: दात नाहीत, लांब चिकट जीभ, मुंग्या-वाळवी हे अन्न, आणि अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. हे कळलं असतं तर त्या खवल्यांना औषध समजून कोणी या जनावराला मारलं नसतं. स्वतःची नखं कुरतडली असती. गंमत अशी की जनुकं तपासल्यावर त्याचे सर्वांत जवळचे नातलग मांसाहारी गणातले निघाले, ज्यात वाघ-कुत्र्यांबरोबर मांजरही येतं. नाव ठेवणाऱ्याने डोळे मिटून दगड मारला आणि तो आंब्याच्या झाडाला नाही तरी त्याच बागेत पडला.

सापांच्या नावांवर मात्र थांबायला हवं, कारण इथे चूक महागात पडते. मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणतात. त्याची शेपटी आखूड, बोथट, तोंडासारखी दिसणारी. शत्रूला डोकं कुठलं ते कळू नये म्हणून. बिनविषारी, गरीब जनावर. पण दुतोंड्या या नावाभोवती गुप्तधनाच्या कथा जमल्या, आणि त्यांपायी तस्करांनी त्याचा पिच्छा पुरवला.

नागराजाची गोष्ट याहून गंभीर. किंग कोब्रा, म्हणजे नागराज, पश्चिम घाटाच्या दाट रानात आहे, गोव्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतही. फणा काढतो म्हणून तो नागांचा राजा. पण तो नागांच्या वंशातलाच नव्हे. नाग ‘नाजा’ या वंशातले, नागराज ‘ऑफिओफॅगस’ या वेगळ्या वंशातला. नावाचा अर्थ साप खाणारा, आणि खातोही मुख्यतः सापच. 2024 च्या संशोधनात तर एक समजला जाणारा नागराज चार जातींमध्ये विभागला गेला, पश्चिम घाटातला त्यांतला एक. हा फरक पुस्तकी नाही. आपल्याकडे सर्पदंशावर दिलं जाणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं. नागाचं औषध आहे म्हणजे नागराजाचंही असणार, असं नावावरून कोणीही समजेल. तसं नाही. त्या चारांत नागराज नाही. नागराज माणसाच्या वाटेला सहसा जात नाही हे आपलं नशीब. दंश झालाच तर साप कसा होता, किती लांब, फणा केवढा, हे डॉक्टरला जसंच्या तसं सांगा, निदान आपण करू नका. आणि साप मारून किंवा पकडून आणायच्या भानगडीत पडू नका.

घरातल्या वस्तूंची नावं बहुतेक साहित्य बदलल्यामुळे खोटी पडली. शिसपेन्सिलीत शिसं नाही, ग्राफाइट आणि माती आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्राफाइटचा मोठा साठा सापडला तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. तो कार्बन आहे हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कळलं, तोवर नाव रुळलं होतं. पोराने पेन्सिलीचं टोक तोंडात घातलं की शिशाच्या विषाचा धसका घेण्याचं कारण नाही. जुन्या पेन्सिलींच्या बाहेरच्या रंगात शिसं असायचं, ती भीती वेगळी आणि खरी होती. फळ्यावरचा खडूही हल्ली बरेचदा जिप्समचा, म्हणजे ज्यापासून प्लास्टर होतं त्याचा. मेणबत्तीत मधमाश्यांचं मेण सहसा नसतं. जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, लोक मेणाचे हात-पाय नवसाला वाहतात, तेही बहुधा खनिज तेलातून निघालेल्या पॅराफिनचे. लिंबूसोड्यातल्या सोड्यात सोडा नाही, दाबाखाली पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड आहे. पूर्वी तो वायू तयार करायला सोडियमचे क्षार वापरत, त्यांचं नाव मागे राहिलं.

डांबरगोळ्यांचं तेवढं उलटं आहे. पांढरीशुभ्र गोळी आणि नाव डांबराचं, म्हणून नाव चुकलं असं वाटतं, पण नॅफ्थालीन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढायचे. आता बाजारात त्याच नावाखाली दुसऱ्या रसायनाच्या, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या गोळ्याही मिळतात, आणि तिथे मात्र नाव खोटं पडतं. पाकीट उलटून घटक वाचावे लागतात. पावसाळ्याआधी ट्रंकेत साड्या ठेवताना दोन्ही जातीच्या गोळ्या एकत्र टाकू नका; एकमेकींच्या संगतीत त्या पाघळतात आणि कपड्यांवर डाग पडतात.